गाठ ओळखायला प्रकाश की मॅमोग्राफी?

मावसबहिणीला स्तनात गाठ लागली. लाल प्रकाशाने स्तन तपासण्याचं जाहिरातपत्रक दाखवत तिने विचारलं, "या लाल दिव्याच्या तपासणीवर भागेल का गं? एक्स-रे नकोच वाटतो." जाहिरातपत्रक बाजूला ठेवून बघू.

दिसतं काय? मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, ऊतींची घनता आणि चुन्याचे बारीक कण टिपते. त्या दिव्याचा निकट-अवरक्त, म्हणजे लाल रंगालगतचा प्रकाश, साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटर तरंगलांबीचा, रक्तातलं हिमोग्लोबिन टिपतो. कर्करोगाच्या गाठीत नव्या रक्तवाहिन्या, म्हणून रक्त जास्त. कल्पना सुरेख! पण दुधात टॉर्च मारल्यासारखा प्रकाश आत विखुरतो, चित्र धूसर येतं, लहान गाठ निसटते. शिवाय रक्त साध्या सुजेतही वाढतंच. यावर तोड म्हणजे लेझरचा झोत मारल्यावर ऊतींतून उठणारा ध्वनी ऐकणं. अमेरिकेत २०२१ मध्ये सोनोग्राफीला जोडलेल्या अशा यंत्राला मान्यता मिळाली.

त्रास? प्रकाशाचा काहीच नाही. मॅमोग्राफीत दाबल्यावर दुखतं, किरणांची मात्रा मात्र अल्प. ऊती दाट असतील तर मॅमोग्राफीही चकते, तिथे सोनोग्राफी हवी.

तिला सांगितलं, हाताला लागलेल्या गाठीसाठी मॅमोग्राफी-सोनोग्राफीच, शंका उरली तर बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं. केमो चालू असताना गाठ आक्रसतेय का, हे वारंवार पाहणाऱ्या संशोधकांना प्रकाश कामाचा.