लॅक्रोस प्रशिक्षकाचा प्राथमिक अभ्यासक्रम: स्टिक कधीच न धरलेल्या आईचा अभिप्राय

गेल्या वर्षी आमच्या टाउनशिपच्या लीगमध्ये १० वर्षांखालील मुलींच्या लॅक्रोस (टोकाला जाळी असलेल्या काठीने, म्हणजे स्टिकने, चेंडू झेलण्या-फेकण्याचा सांघिक खेळ) संघाला प्रशिक्षक मिळत नव्हता, आणि त्यापायी संघच रद्द होऊ नये म्हणून मी नाव दिले. सांगलीला शाळेत असताना मी खो-खो खेळले आहे, परंतु लॅक्रोसची स्टिक तोवर हातात धरली नव्हती. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात क्रिकेटबरोबर लॅक्रोसलाही २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये स्थान मिळाल्यापासून न्यू जर्सीतल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत या खेळाची चौकशी वाढली आहे. त्यांतल्या एखाद्या आईवर किंवा वडिलांवर उद्या हीच वेळ आली, तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून मी घेतलेल्या प्रशिक्षणाविषयी लिहीत आहे.

या प्रशिक्षणाचा गाभा म्हणजे यूएसए लॅक्रोस या राष्ट्रीय संस्थेचा पहिल्या पातळीचा ऑनलाइन अभ्यासक्रम. मुलांचे आणि मुलींचे लॅक्रोस हे जवळजवळ दोन वेगळे खेळ आहेत, हे मला त्यातून पहिल्यांदा नीट समजले. मुलगे हेल्मेट, हातमोजे आणि खांद्यांचे पॅड घालून खेळतात. मुलींच्या खेळात अंगाला अंग भिडवण्यास मनाई असल्याने मैदानावरच्या खेळाडूंना डोळ्यांचे गॉगल आणि दातांचे माउथगार्ड एवढेच सक्तीचे असते. मुलींच्या स्टिकची जाळीही उथळ असते, इतकी की स्टिक आडवी धरली तर चेंडूचा वरचा भाग कडेच्या वर दिसला पाहिजे असा नियमच आहे. त्यामुळे धावताना चेंडू सहज निसटतो, आणि तो टिकवण्यासाठी मनगटांनी स्टिक सतत झुलवत राहावी लागते. या क्रियेला क्रेडलिंग म्हणतात. मी माझ्या मुलीला ‘पाळण्याला झोका दे’ असे सांगितले आणि तिला ते तत्काळ समजले. बगल देण्याच्या युक्त्या शिकवताना तर मला नवा शब्दच शोधावा लागला नाही, कारण खो-खोतली हुलकावणी आणि ही हुलकावणी यांत पायांचे काम एकच आहे.

अभ्यासक्रमाचा सर्वांत मोलाचा भाग मात्र सराव कसा आखावा हा आहे. माझ्या शाळेत सराव म्हणजे आधी मैदानाला फेऱ्या, मग रांग, मग सरांचे भाषण असे. इथे शिकवतात ते नेमके उलटे: मुलांना रांगेत उभे ठेवू नका, बोलणे थोडक्यात आटपा, आणि छोट्या जागेत छोट्या संघांचे सामने लावा, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला चेंडू वारंवार येईल. या वयात झेल सुटतात, पास चुकतात आणि चेंडू बराच वेळ जमिनीवरच असतो. म्हणून गुडघे वाकवून, मागचा हात जमिनीलगत नेऊन आणि धावण्याची गती न मोडता चेंडू उचलणे, ज्याला ग्राउंड बॉल म्हणतात, त्याला मी प्रत्येक सरावात सर्वाधिक वेळ दिला. गोलवर फटके मारण्याचा सराव मुलींना अधिक आवडतो हे खरे आहे, तरीही माझा हा निर्णय योग्य होता असे मला आजही वाटते.

सुरक्षिततेचे प्रशिक्षण कोणीही घाईने उरकू नये. डोक्याला मार लागल्याची शंका आली तरी मुलीला त्याच क्षणी खेळातून बाहेर काढायचे, आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचे नाही. मुलांच्या संरक्षणाविषयीच्या भागात, प्रशिक्षकाने कोणत्याही मुलासोबत एकटे राहू नये आणि मुलाला पाठवलेल्या प्रत्येक संदेशात पालकालाही सामील करावे, असे स्पष्ट सांगितले आहे. आपल्याकडे सरांनी उशीर झाल्यावर विद्यार्थिनीला स्कूटरवरून घरी सोडणे ही आपुलकी समजली जाते, आणि अनेकदा ती असतेही. पण हे नियम वाचल्यावर आपण किती गोष्टी केवळ विश्वासावर सोडून देत होतो, याचा मी गंभीरपणे विचार केला.

नवख्या प्रशिक्षकाला सर्वांत अवघड जाणारा नियम शूटिंग स्पेसचा आहे. मुलींना हेल्मेट सक्तीचे नसल्यामुळे, फटका मारण्याच्या तयारीत असलेली खेळाडू आणि गोल यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात बचाव करणारीला नुसते उभे राहता येत नाही; प्रतिस्पर्ध्याला स्टिकच्या अंतरात राहून अडवत असेल तरच तिला तिथे थांबता येते. पडद्यावर हा नियम मला कळला असे वाटले होते, परंतु पंचांनी शिट्टी का वाजवली हे मैदानावर ओळखायला मला चार सामने लागले.

हातांचे कौशल्य व्हिडिओ पाहून येत नाही, म्हणून मैदानावरच्या शिबिराकडून माझ्या अपेक्षा मोठ्या होत्या. मी गेले ते शिबिर एका स्थानिक क्लबने भरवले होते. तिथे ४० च्या आसपास पालक आणि जेमतेम १५ स्टिक होत्या, आणि गोलरक्षकाच्या प्रशिक्षणाचा भाग वेळ संपल्यामुळे गाळण्यात आला. संघात पूर्ण संरक्षक पोशाख घालून चेंडूसमोर उभी राहणारी ती एकटी मुलगी असते. नेमके तिला काय शिकवायचे हेच आम्हाला सांगितले गेले नाही, याचे मला वाईट वाटले. शेवटी गावातल्या हायस्कूलच्या संघातील एका गोलरक्षक मुलीने आमच्या सरावाला येऊन ती उणीव भरून काढली.

ऑनलाइन भागाला मी पाचपैकी साडेचार गुण देईन, शिबिराला दोन. अभ्यासक्रम जानेवारीत संपवून एक स्टिक आणि दोन चेंडू विकत घ्या, आणि सराव सुरू होईपर्यंत रोज १५ मिनिटे भिंतीवर चेंडू मारून झेलत राहा, दोन्ही हातांनी. शिबिराचे पैसे भरण्यापूर्वी किती जणांना प्रवेश देणार आणि गोलरक्षणाला किती वेळ ठेवला आहे, एवढे दोन प्रश्न आयोजकांना विचारून घ्या.