स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोश: समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला कितपत चालतो?

'समाज म्हणजे व्यक्तींची बेरीज की त्याहून वेगळं काही?' हा प्रश्न एफ.वाय.च्या पहिल्याच प्रकरणात डोकावतो आणि पान उलटलं की व्याख्यांच्या गर्दीत हरवतो. तो धरून ठेवायला फुकटात मिळणारं सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे 'स्टॅनफर्ड एनसायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी' हा ऑनलाइन कोश. पण नुसती लिंक ग्रुपवर टाकून मोकळं झालं तर तो वाया जातो. नोंदी शिक्षकानेच निवडायच्या आणि कापूनही द्यायच्या.

कोश 1995 पासून चालू आहे. लॉगिन नाही, जाहिराती नाहीत. प्रत्येक नोंदीखाली लिहिणाऱ्या अभ्यासकाचं नाव असतं, वर पहिल्या प्रकाशनाची आणि शेवटच्या मोठ्या दुरुस्तीची तारीख असते, आणि तज्ज्ञ संपादकांनी तपासल्याशिवाय नोंद चढत नाही. परीक्षेच्या गाइडांवर वाढलेल्या मुलांना 'हे कोण म्हणतंय, कधी म्हणतंय' हे बघायची सवय लागते, हा फायदाही लहान नाही.

सुरुवात जोसेफ हीथ यांच्या 'मेथडॉलॉजिकल इंडिव्हिज्युअलिझम' (सामाजिक घटनांचं स्पष्टीकरण व्यक्तींच्या कृतींतूनच द्यावं, हे मत) या नोंदीने करावी. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरच्या 'इकॉनॉमी अँड सोसायटी' (1922) या ग्रंथापासून ती निघते आणि याच मतावरच्या पॉपर, हायेक, वॉटकिन्स या विसाव्या शतकातल्या विचारवंतांच्या वादापर्यंत येते. उत्तरार्धात गेम थिअरी (एकमेकांवर अवलंबून असलेल्या निर्णयांचं गणिती विश्लेषण) येते, तो भाग पहिल्या वर्षाला सरळ वगळावा.

वाचायला देण्याआधी वर्गात एक उदाहरण उघडून ठेवा. हुंडाबंदी कायदा 1961चा. प्रथा मात्र टिकून आहे. मुलं सहज म्हणतात, 'समाजच मागतो.' विचारा, समाज म्हणजे नेमकं कोण? व्यक्तिवादी उत्तर असं: मुलीच्या बापाला वाटतं, आपण दिलं नाही तर दुसरा देईल, मुलाच्या बापाला वाटतं, लेकीच्या लग्नात आपण मोजले, आता वसूल करू. अशा अपेक्षा एकमेकींत अडकल्या की प्रथा उभी राहते, वेगळा 'समाज' मानायची गरज नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दर्खाइमचं (1895) म्हणणं उलटं: प्रथा या बापांच्या जन्माआधीपासून आहे, बाहेरून दाब टाकते, आणि मोडणाऱ्याला किंमत मोजावी लागते, म्हणून ती वस्तूसारखी अभ्यासायची. आता खरा प्रश्न. दोघांनाही घडलेली घटना तीच मान्य आहे, मग भांडण कशावर? स्पष्टीकरण कशाला म्हणायचं, यावर. ही गोष्ट मुलांच्या तोंडून येऊ द्या, घाई करून सांगून टाकू नका. त्यानंतर हीथ यांच्या नोंदीचे पहिले चार-पाच परिच्छेद दिले की एका तासात पचतात.

वेबरवरच्या नोंदीतला पद्धतिशास्त्राचा भाग तेवढा घ्यावा. विवाह-कुटुंब शिकवताना 'सोशल इन्स्टिट्यूशन्स' उपयोगी पडते. 'सोशल ऑन्टॉलॉजी' (सामाजिक गोष्टींचं अस्तित्व नेमकं कशा प्रकारचं, याची चर्चा) मात्र पहिल्या वर्षाला झेपत नाही, नावाला भुलून देऊ नये. दर्खाइमसाठी 'इंटरनेट एनसायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी' या दुसऱ्या मोफत कोशातली स्वतंत्र नोंद वापरावी. तिची भाषाही जरा सोपी आहे.

सगळ्यात मोठी फसगत मांडणीमुळे होते. लेखक आधी प्रतिपक्षाचं म्हणणं पूर्ण ताकदीने मांडतो, कधी तीन-तीन परिच्छेद, आणि मग ते खोडतो. विद्यार्थी मधलंच वाक्य उचलून 'लेखकाच्या मते' म्हणून उत्तरात घालतो. उपाय साधा आहे: प्रिंट काढा आणि प्रत्येक परिच्छेदासमोर समासात 'कोणाचं म्हणणं?' एवढंच लिहायला लावा. दोन पानांवर हे केलं की वाचनाची पद्धतच बदलते. ब्राउझरचं मराठी भाषांतर इथे घातक ठरतं. लांब वाक्यातला नकार किंवा 'अमुक असं मानतो' हा तुकडा निसटला की अर्थच उलटतो. मराठी माध्यमाच्या वर्गाला शिक्षकाने स्वतः केलेला एका पानाचा सारांश आणि सोबत मूळ इंग्रजीतले दोनच परिच्छेद, हे प्रमाण बरं.

स्टॅनफर्डच्या नोंदी लांबलचक आहेत, संदर्भयादी बघूनच नवखा घाबरतो. मोबाइलवर वाचायचं तर आधी वरची अनुक्रमणिका उघडून हवा तो विभाग गाठावा. नीट मांडलेली पीडीएफ वर्गणीदारांनाच मिळते. ब्राउझरमधून प्रिंट काढली तरी काम भागतं.

मराठीत पूरक म्हणून मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे. शोधताना परदेशी नावांची दोन-तीन लेखनं टाकून पाहावीत, नाहीतर असलेली नोंदही सापडत नाही. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला तीन खंडांचा 'मराठी तत्त्वज्ञान-महाकोश' (1974) कॉलेजच्या ग्रंथालयात असेल तर संज्ञांसाठी जरूर काढावा. वयामुळे त्यात अलीकडचे वाद नाहीत, पण मूळ संकल्पनांना तो पुरतो.

प्रकल्पात स्टॅनफर्डच्या कोशाचा संदर्भ देताना चालू पानाची लिंक देऊ नये, नोंदी बदलत राहतात. नोंदीच्या बाजूला लेखक व संदर्भाची माहिती देणारा दुवा असतो. तिथे त्या तिमाहीच्या जतन केलेल्या आवृत्तीचा पत्ता मिळतो, तोच उतरवून घ्यावा.