६५ इंची टीव्ही आणि मोशन ब्लर: काही महिने वापरल्यानंतर

टीव्ही घरात येऊन आता बरेच महिने झाले. रंग, आवाज, काळेपणा, रिमोट यांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून ते सगळं बाजूला ठेवतो. मी एकाच गोष्टीबद्दल लिहिणार आहे, कारण सुरुवातीचे आठवडे तिनंच डोकं खाल्लं होतं: पडद्यावर काही वेगानं हललं की चित्र पुसट व्हायचं. पॅनेल एलसीडी, व्हीए प्रकारचं (काळा रंग दमदार दाखवणारं), खरोखरचं १२० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र ताजं करणारं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खालचं बहुतेक सगळं थोड्याफार फरकानं कुठल्याही मोठ्या टीव्हीला लागू पडतं.

त्रास नेमका काय होता ते आधी सांगतो. सामना चालू असताना कॅमेरा चेंडूमागे फिरला की मैदानावरचं गवत म्हणजे नुसता हिरवा रंग फासल्यासारखं दिसायचं. सिनेमात कॅमेरा सावकाश एका बाजूला सरकला की खांबांच्या, खिडक्यांच्या कडा धक्के खात पुढे जायच्या. आणि रात्रीच्या प्रसंगात कुणी काळ्या कोटात चालत गेलं की त्याच्यामागे काळसर शेपूट ओढली जायची. घरात आम्ही या तिन्हींना सरसकट ‘ब्लर’ म्हणत होतो आणि एकाच स्लायडरनं ते जाईल या आशेवर मेनू उलथापालथा करत होतो. ते शक्यच नव्हतं, कारण या तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत. सेटिंगला हात लावण्याआधी आपल्याला कुठला त्रास आहे हे ओळखलं, तर अर्धं काम होतं.

ओळखण्याची सगळ्यात सोपी रीत म्हणजे चित्र पॉज करायचं. थांबवल्यावरही धावणारा माणूस पुसटच दिसत असेल, तर तो ब्लर कॅमेऱ्यातून आलाय. सिनेमा साधारणपणे सेकंदाला २४ फ्रेमवर, म्हणजे २४ सुट्या चित्रांवर, चित्रित होतो आणि एका फ्रेमला रूढ पद्धतीनं १/४८ सेकंद प्रकाश मिळतो. तेवढ्या वेळात हललेला हात फ्रेममध्येच फराटा होऊन बसतो. कितीही महागडा टीव्ही आणा, तो फराटा जाणार नाही, आणि जायची गरजही नाही. पण थांबवल्यावर चित्र लख्ख आणि चालू केल्यावर पुसट, असं असेल तर पुढचं वाचा.

यातला सगळ्यात मोठा भाग मला सगळ्यात उशिरा कळला. जुन्या काचेच्या टीव्हीत पडद्यावरचा प्रत्येक ठिपका क्षणभर चमकून विझायचा. आजचे एलसीडी आणि ओलेड (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) दोन्ही पडदे एक फ्रेम दाखवतात आणि पुढची येईपर्यंत ती तशीच धरून ठेवतात. ६० फ्रेमच्या प्रक्षेपणात हा वेळ सुमारे १६.७ मिलिसेकंद. आपले डोळे मात्र थांबत नाहीत, ते चेंडूबरोबर सलग सरकत राहतात. डोळा पुढे चाललाय आणि चित्र जागच्या जागी, त्यामुळे तेच चित्र डोळ्याच्या पडद्यावर पसरतं. म्हणजे पुसटपणा काचेवर नसतोच. बातम्यांच्या वाहिनीवर खाली सरकणारी पट्टी असते ना, तिचा मोबाइलनं वेगवान शटर ठेवून फोटो काढा. डोळ्याला अंधूक दिसणारी अक्षरं फोटोत बऱ्यापैकी स्वच्छ येतात. हिशेबही सरळ आहे. एखादं अक्षर ४के पडद्याची ३८४० पिक्सेलची रुंदी चार सेकंदांत ओलांडत असेल, तर ६० फ्रेमला प्रत्येक फ्रेममागे ते १६ पिक्सेल सरकतं, आणि साधारण तेवढीच पट्टी डोळ्याला पुसट दिसते.

म्हणूनच ‘ओलेड घेतला असतास तर हा प्रश्नच नव्हता’ हे मित्रांचं वाक्य अर्धंच खरं आहे. ओलेडचा पिक्सेल एक मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळात बदलतो, पण फ्रेम धरून ठेवण्याची सवय त्यालाही आहे. उलट सिनेमातले धक्के ओलेडवर जास्त टोचतात, कारण एलसीडीचा संथपणा दोन फ्रेममधला सांधा थोडा तरी बुजवतो.

मग आधीच्या ४३ इंचीवर हे का दिसत नव्हतं? दिसत होतंच, पण लहान. ४३ इंची पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो, ६५ इंची सुमारे १४४. एका सेकंदात पडदा ओलांडणारी गाडी २४ फ्रेमच्या सिनेमात लहान टीव्हीवर दर फ्रेमला चार सेंटिमीटर उडी मारते, मोठ्यावर सहा. सोफा मात्र जिथे होता तिथेच. टीव्ही बिघडका निघाला असा संशय येण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं. सोफा मागे सरकवला तर फरक खरोखर पडतो, पण मग मोठा पडदा घेतला कशाला!

आता उपायांकडे. ज्या उपायाला काहीच मोल द्यावं लागलं नाही तो टीव्हीत नव्हता, स्ट्रीमिंग स्टिकच्या मेनूत होता. बहुतेक स्टिक आणि बॉक्स कायम ६० हर्ट्झवर चित्र पाठवतात. २४ फ्रेमचा सिनेमा ६० मध्ये बसवायचा तर एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवावी लागते, म्हणजे एक ५० मिलिसेकंद टिकते, दुसरी ३३. कॅमेरा फिरताना जाणवणारे धक्के बरेचसे या लंगडेपणाचे असतात. ५० फ्रेममध्ये चित्रित झालेल्या सामन्याचे हाल आणखी वेगळे: दर पाचवी फ्रेम दोनदा येते, म्हणजे सेकंदाला दहा अडखळे. सेटिंगमध्ये ‘मॅच फ्रेम रेट’ किंवा तशा अर्थाचा पर्याय शोधून चालू केला की टीव्हीला मूळ वेगानंच चित्र मिळतं. १२० ला २४ नं पूर्ण भाग जातो, त्यामुळे १२० हर्ट्झच्या पॅनेलवर प्रत्येक फ्रेम बरोबर पाचदा दिसते. कार्यक्रम सुरू होताना पडदा सेकंद-दोन सेकंद काळा होतो, एवढाच काय तो त्रास. हे केल्यावर सिनेमातले धक्के निम्म्याहून कमी झाले असं मी म्हणेन. उरले ते २४ फ्रेमचे अंगभूत धक्के.

त्यानंतर येतं ते वादग्रस्त प्रकरण, मधल्या फ्रेम स्वतः तयार करण्याचं. एलजी याला ट्रूमोशन म्हणते, सोनी मोशनफ्लो, सॅमसंगकडे ऑटो मोशन प्लस हे नाव होतं. काम एकच: टीव्ही दोन फ्रेम बघतो, मध्ये काय असेल याचा अंदाज बांधतो आणि ती फ्रेम घुसवतो. बऱ्याच टीव्हींत यासाठी दोन वेगळे स्लायडर असतात, आणि हे वेगळेपण कुणी नीट सांगत नाही. जडर, म्हणजे कॅमेरा फिरताना बसणारे धक्के, कमी करणारा स्लायडर मुख्यतः २४-३० फ्रेमच्या मजकुराला गुळगुळीत करतो. ब्लर कमी करणारा ५०-६० फ्रेमचं चित्र १२० पर्यंत नेतो. सिनेमा मालिकेसारखा नाटकी दिसतो तो पहिल्यामुळे. सामना सुधारतो तो दुसऱ्यामुळे. कारखान्यातून मात्र दोन्ही वर चढवलेलेच येतात.

बऱ्याच फेरफारांनंतर मी जडर दहापैकी दोनवर आणि ब्लर सात-आठवर ठेवला. दोनवर सिनेमाचा पोत राहतो आणि सावकाश फिरणारा कॅमेरा डोळ्यांना टोचत नाही. पाचच्या वर गेलं की माणसांच्या कडेनं पाण्यासारखी थरथर दिसू लागते. जाळी, कठडे, सायकलच्या चाकाच्या तारा, असं एकसारखं काही आलं की टीव्हीचा अंदाज हमखास चुकतो. क्रिकेटमध्ये तर गंमतच. ब्लर स्लायडर पार दहावर नेला तेव्हा जोरदार फटक्यानंतर चेंडू मध्येच गायब व्हायचा आणि जरा पुढे पुन्हा उगवायचा. एवढ्या लहान आणि एवढ्या वेगवान वस्तूचा टीव्हीला माग काढताच येत नव्हता. आठवर हे क्वचित होतं.

सिनेमावाल्यांचा या गुळगुळीतपणावर राग आहे तो उगाच नाही. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी व्हिडिओ काढून लोकांना ही सोय बंद करायला सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओंच्या यूएचडी अलायन्स या संघटनेनं ‘फिल्ममेकर मोड’ आणला. त्यात अशी सगळी प्रक्रिया बंद असते. मला तो मोड पटतो. आईला अजिबात नाही. मी तो लावला की ती म्हणते, “अरे, हे अडकत अडकत का चाललंय? नेट गेलं का?” तिच्या मालिका मुळातच जास्त फ्रेमच्या असल्यामुळे तिचा डोळा गुळगुळीत चित्राला सरावलाय, आणि तिला तेच खरं वाटतं. यात कोण बरोबर याची चर्चा मी सोडून दिली. सिनेमासाठी एक पिक्चर मोड, मालिका आणि सामन्यांसाठी दुसरा, दोन्हींचे आकडे वेगळे. बहुतेक टीव्हींत प्रत्येक मोडचे आणि बऱ्याचदा प्रत्येक इनपुटचेही आकडे स्वतंत्र साठवले जातात. ‘सर्व इनपुटना लागू करा’ हे बटण मात्र विचार करूनच दाबा.

ब्लरचा खरा शत्रू म्हणजे काळी फ्रेम घुसवण्याची सोय, कारण ती थेट ‘धरून ठेवण्यावर’च घाव घालते. दोन फ्रेमच्या मध्ये पडदा क्षणभर विझतो, अगदी जुन्या काचेच्या टीव्हीसारखा. सरकत्या पट्टीतली अक्षरं एकदम कोरल्यासारखी दिसली, मी चकितच झालो. पण उजेड निम्म्यावर आला, एचडीआरची (जास्त उजळ आणि जास्त गडद छटा दाखवणाऱ्या चित्राची) सगळी चमक गेली, आणि ६० हर्ट्झवर पडद्याची लुकलुक पांढऱ्या पार्श्वभूमीवर स्पष्ट जाणवू लागली. लुकलुक १२० वर नेली तर ६० फ्रेमच्या चित्रात प्रत्येक कडा दोनदा दिसते, कारण एकच फ्रेम दोनदा चमकते. घरात कुणाचं डोकं लुकलुकीनं दुखत असेल तर या वाटेला जाऊच नका. मी ते आता अंधाऱ्या खोलीत एकट्यानं टेनिस बघतानाच लावतो.

काळ्या शेपटीवर मात्र धड इलाज सापडला नाही. व्हीए पॅनेलमध्ये काळ्यावरून गडद करड्यावर जायला पिक्सेलला बाकीच्या बदलांपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, कधी एका फ्रेमहूनही जास्त. दमदार काळा रंग आणि ही शेपूट, दोन्ही त्याच पॅनेलबरोबर येतात. थंड खोलीत टीव्ही नुकताच लावलेला असताना ती जास्त दिसते, कारण थंडीत लिक्विड क्रिस्टल सुस्तावतात. गामा, म्हणजे गडद आणि मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात हे ठरवणारं सेटिंग, २.४ वरून २.२ केल्यावर गडद भाग थोडे उजळले आणि शेपूट कमी नजरेत येऊ लागली, पण काळ्याची खोलीही थोडी गेली. मी २.२ वरच आहे.

एक अनपेक्षित फायदा नॉइज रिडक्शन बंद केल्यानं झाला. हे फिल्टर पुष्कळदा आधीच्या फ्रेमशी तुलना करून दाणे पुसतात, आणि त्या नादात हलणाऱ्या गोष्टींचा बारीक तपशीलही पुसतात. दोन्ही नॉइज फिल्टर बंद केले आणि मैदानावरचं गवत बरंचसं परत आलं. जे आलं नाही ते प्रक्षेपणातच नव्हतं. बिटरेट (दर सेकंदाला येणारी चित्राची माहिती) कमी असला की कॅमेरा फिरताना सगळ्यात आधी बळी जातो तो गवताचा आणि प्रेक्षकांच्या गर्दीचा.

गेमचं थोडक्यात. गुळगुळीत करणारी यंत्रणा पुढची फ्रेम आल्याशिवाय मधली बनवू शकत नाही, म्हणजे उशीर आलाच. “बाबा, मी दाबल्यावर हा नंतर उडी मारतो,” ही तक्रार गेम मोड लावल्यावर बंद झाली. १२० फ्रेमवर चालणारा गेम असेल तर ब्लरही आपोआप निम्मा होतो, कुठल्याही युक्तीशिवाय.

नवा टीव्ही घेणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. खोक्यावरचा ‘मोशन रेट २४०’सारखा आकडा वाचून हुरळू नका. पॅनेलचा मूळ रिफ्रेश रेट विचारा, तो ६० किंवा १२० असा साधा आकडा असतो, आणि मोठ्या आकारातही ६० चे टीव्ही सर्रास मिळतात. दुसरं, डेमोमधली फुलं आणि शाईचे थेंब मुद्दाम संथ हलतात. त्याऐवजी चालू सामना लावायला सांगा, आणि एखादा रात्रीचा प्रसंगही.

आणि हो, मध्ये एका सॉफ्टवेअर अपडेटनंतर माझे सगळे आकडे मूळ पदावर गेले होते. कळलं ते आईचं चित्र नेहमीसारखं दिसत असताना माझा सिनेमा अचानक मालिकेसारखा दिसू लागला तेव्हा. आता दोन्ही मोडच्या सेटिंगचे फोटो मोबाइलमध्ये आहेत. पुन्हा अपडेट आलं तर आकडे भरायला पाच मिनिटं पुरतील.