पैसे जमा झाले म्हणून बिल खरे ठरत नाही

ऑस्ट्रेलियात एनडीआयएसचा, म्हणजे अपंग व्यक्तींच्या मदतीसाठीच्या सरकारी योजनेचा, निधी स्वतः सांभाळणारी, म्हणजे सेल्फ-मॅनेज्ड प्लॅन असलेली कुटुंबे अनेकदा अगदी साध्या बिलातून फसतात. पंधरवडा संपला की मुलाला बाहेर घेऊन जाणाऱ्या मदतनिसाचे, म्हणजे सपोर्ट वर्करचे, बिल येते: 'कम्युनिटी ॲक्सेस, 48 तास, दर 65 डॉलर, एकूण 3120 डॉलर.' तारखा नाहीत, वेळा नाहीत. आईवडील दमलेले असतात, माणूस ओळखीचा असतो, मुलगा त्याच्यासोबत रमतो. एनडीआयएसच्या पोर्टलवर क्लेम टाकला जातो, थोड्याच दिवसांत पैसे येतात आणि लगेच पुढे पाठवले जातात.

आता तेच बिल उलगडून बघा. वर्करला विचारले तर तो चार-चार तासांच्या 12 शिफ्ट सांगतो. घरच्या कॅलेंडरवर नोंद 10 शिफ्टची, आणि प्रत्येक वेळी तो चारला येऊन साडेसातला गेलेला. म्हणजे 35 तास, 2275 डॉलर. एका पंधरवड्यात 845 डॉलर जास्त गेले. वर्षभर असेच चालले तर 21,970 डॉलर, आणि तेवढे तास मुलाच्या वाट्याचे कमी झाले.

'एनडीआयएसने मंजूर केले, म्हणजे बरोबरच असणार' ही समजूत सगळ्यात महागात पडते. क्लेमचे पैसे मिळाले याचा अर्थ कोणी तास मोजले असा होत नाही. बिले भरायला नेमलेला प्लॅन मॅनेजर असेल तर तो निदान दर आणि बिल बघतो. एजन्सी-मॅनेज्ड, म्हणजे निधी सरकारी संस्थाच सांभाळते त्या प्लॅनमध्ये फक्त रजिस्टर्ड प्रोव्हायडर (नोंदणीकृत सेवा देणारे) चालतात. सेल्फ-मॅनेज्डमध्ये रजिस्टर नसलेला माणूसही ठेवता येतो आणि दराची कमाल मर्यादाही लागू नसते. मराठी बोलणारा, घरचे जेवण भरवू शकणारा वर्कर मिळतो तो या मोकळिकीमुळेच, आणि ती सोडू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. पण क्लेम तुमच्या नावाने जातो. तपासणी झाली तर कागद तुमच्याकडे मागतात, आणि चुकीच्या खर्चाची वसुलीही तुमच्याकडून होऊ शकते. म्हणून बिले, पावत्या आणि टाइमशीट पाच वर्षे जपून ठेवायची.

बिलावर वर्करचे नाव, एबीएन (सरकारी व्यवसाय क्रमांक), ज्याच्यासाठी काम केले त्याचे नाव, प्रत्येक शिफ्टची तारीख, सुरू आणि संपल्याची वेळ, कामाचे स्वरूप, दर आणि एकूण रक्कम हवीच. नसेल तर बिल परत पाठवा. मागायला संकोच वाटण्यासारखे त्यात काही नाही. त्याहून उपयोगी सवय म्हणजे शिफ्ट संपताच वर्करने व्हॉट्सॲपवर 'आलो 4:00, निघालो 7:30' एवढा मेसेज टाकणे. पंधरा दिवसांनी आठवणीवर वाद होत नाही, मेसेजची वेळच बोलते. कोऱ्या टाइमशीटवर सही कधीच करू नका. शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्टीचे दर जास्त असतात, त्यामुळे तारखेसमोर वार लिहून बघा. शुक्रवारची शिफ्ट रविवारच्या दराने लागलेली असू शकते. तुलनेसाठी, 2025-26 मध्ये स्वतःच्या देखभालीच्या मदतीचा सोमवार ते शुक्रवार दिवसाच्या वेळेचा कमाल दर बहुतेक भागांत तासाला 70.23 डॉलर होता.

एबीएन सरकारी एबीएन लुकअपवर टाकून पाहायला मिनिटभर लागते. तो चालू आहे का, नाव जुळते का, आणि बिलात जीएसटी लावला असेल तर जीएसटीची नोंदणी आहे का, हे तिथेच कळते. वर्करकडे एनडीआयएस वर्कर स्क्रीनिंग क्लिअरन्स (पार्श्वभूमी तपासल्याचा दाखला) मागा. रजिस्टर नसलेल्या वर्करवर तुम्ही म्हणाल तरच ती अट लागते, म्हणून करारात लिहा.

'तीन महिन्यांचे आधी भरा, सवलत देतो' म्हणणाऱ्याला नाही म्हणा. सेवा मिळाल्याशिवाय तासांचा क्लेम करायचा नाही. कंपनी बंद पडली तर पैसे गेले आणि क्लेमही चुकीचा ठरला. दुसरे आमिष याहून वाईट: 'दहा तासांचे बिल करतो, पाच तासांचे पैसे तुम्हाला रोख परत.' यात कुटुंब स्वतःच गुन्ह्यात ओढले जाते, आणि मग तोच माणूस 'तक्रार केलीत तर तुमचेही नाव येईल' म्हणून वर्षानुवर्षे गप्प बसवतो. 'प्लॅनमधले पैसे उरले तर पुढच्या वेळी कापतील, संपवून टाका' हे सांगणाऱ्याचा फायदा कोणाचा, एवढे विचारा.

खात्याचा नंबर बदलल्याची ईमेल आली तर थांबा. प्रोव्हायडरचा ईमेल हॅक करून खऱ्या बिलात फक्त बीएसबी (बँक-शाखेचा क्रमांक) आणि खाते नंबर बदलतात; बाकी सगळे हुबेहूब असते. आधीपासून जवळ असलेल्या नंबरवर फोन करून विचारा, ईमेलमधल्या नंबरवर नको. बँक नाव जुळत नाही म्हणाली तर पैसे पाठवू नका. एनडीआयएसमधून बोलतोय म्हणून कोणी मायगव्हचा (सरकारी सेवांच्या ऑनलाइन लॉगिनचा) कोड किंवा पासवर्ड मागितला तर फोन ठेवा. कोड दिला तर पोर्टलमधले तुमचे बँक खातेच बदलले जाऊ शकते. मायगव्हला पासकी (पासवर्डऐवजी फोनचा फिंगरप्रिंट किंवा चेहरा) लावा, आणि निधीसाठी घरखर्चापासून वेगळे खाते ठेवा.

मंडळात ओळख झालेला, गणपतीच्या आरतीला शेजारी उभा असलेला माणूस असला की कागद मागणे अपमान वाटतो. चांगल्या वर्करला मात्र त्याचा राग येत नाही. नीट नोंदी त्यालाही खोट्या आरोपांपासून वाचवतात.

फसवणूक लक्षात आली आणि पैसे पाठवले असतील तर आधी बँकेला फोन, तोही त्याच दिवशी. मग मूळ बिले आणि मेसेज जसेच्या तसे ठेवून एनडीआयएसच्या फसवणूक लाइनला 1800 650 717 वर कळवा. वर्करच्या वागणुकीची किंवा सेवेच्या दर्जाची तक्रार एनडीआयएस सेवांवर देखरेख ठेवणाऱ्या क्वालिटी अँड सेफगार्ड्स कमिशनकडे 1800 035 544 वर करता येते, वर्कर रजिस्टर नसला तरी. ओळखपत्रे किंवा मायगव्हची माहिती गेली असेल तर ओळखचोरीत मदत करणारी संस्था आयडीकेअर, 1800 595 160. घरात ज्यांना इंग्रजी फोनवर जड जाते त्यांनी सरकारी दुभाषी सेवेच्या 131 450 वर मराठी दुभाषी मागावा आणि त्याच्यामार्फत वरीलपैकी कोणताही नंबर जोडून घ्यावा.