स्वमग्न मुलासाठी तलाव की पांडवलेण्याच्या पायऱ्या?

आमच्या लेकानं नऊ वर्षांचा होईपर्यंत जिना उतरताना कठडा सोडला नव्हता. चालताना टाचा टेकत नसत, आणि चेंडू आला की हात वर यायच्या आत तो अंगावर आदळलेला असे. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांत हे पुष्कळ दिसतं. स्नायू ढिले असतात, सांधे जास्त वाकतात, दुसऱ्याची कृती बघून ती स्वतःच्या अंगात उतरवायला वेळ लागतो. म्हणून 'मैदानावर सोडा, शिकेल' हा सल्ला आमच्या उपयोगी पडला नाही. पोहणं आणि चढण, दोन्ही करून पाहिलं.

आधी नाशिकच्या त्र्यंबक रोडवरचा सावरकर जलतरण तलाव. पाण्याचा दाब अंगाला चहूबाजूंनी लागतो. घट्ट कवळल्यावर शांत होणारा आमचा मुलगा पाण्यातही शांत झाला. पडायची भीती नाही, दम वाढतो. पण भार पाणीच पेलतं, त्यामुळे वर्षभर पोहूनही जिन्यावरचा कठडा काही सुटला नाही. शिवाय क्लोरीनचा वास, शिट्ट्या, कपडे बदलायच्या खोलीतला गलका. कमी गर्दीची बॅच मागा, पहिले दोन दिवस नुसतं काठावर बसवा. एका वेळी एकच सूचना देणारा शिक्षक मिळाला तर त्याला सोडू नका. स्वमग्न मुलांमध्ये फिट्सचं प्रमाण जास्त असतं. तसा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरवू नका.

पांडवलेणी म्हणजे नाशिकच्या डोंगरातली कोरीव लेणी; तिथवर दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. त्या सारख्या नाहीत, म्हणून प्रत्येक पाऊल नव्यानं तोलावं लागतं. खरा कस उतरताना लागतो. आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे की शेवट दिसतो. लेणी आली की परत, हे मुलाला सांगावं लागत नाही. मात्र रविवारची गर्दी टाळा, आणि पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात. पायथ्याला मुंबई-आग्रा महामार्ग आहे, त्यामुळे हात सोडून पळणाऱ्या मुलासाठी आधी कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक बरा. टाचा मुळीच टेकत नसतील तर चढणीआधी फिजिओथेरपिस्टकडून पोटऱ्या तपासून घ्या.

सायकलही आहे. पॅडल काढून, सीट खाली घेऊन, पायांनी ढकलत सुरुवात केली तर तोल आधी येतो. पण नाशिकच्या रस्त्यांवर नको, मोकळ्या आवारातच.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना, अपंगत्व असलेल्यांनाही, दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल सांगते. आठवड्यातून दोनदा पोहून ती भरत नाही. म्हणून तोल आणि तंदुरुस्ती एवढंच पाहायचं असेल तर माझं मत पायऱ्यांना. पण मूल पाणी दिसलं की धावत असेल, तर पैशांची ओढाताण करून का होईना, आधी पोहणं शिकवा. घरातून नकळत निघून जाणं आणि पाण्याची ओढ या दोन गोष्टींमुळे अशा मुलांना बुडण्याचा धोका फार असतो, आणि आपण गोदेकाठी राहतो. पोहता येऊ लागलं तरी नजर हटवू नका.

आमचं आता मंगळवार-शुक्रवार पाणी, बाकी दिवस चालणं, शनिवारी पहाटे लेणी. पहिल्या शनिवारी आम्ही बाराव्या पायरीवरून परत आलो होतो.