ड्रायवॉलच्या भिंतींना बेंजामिन मूर रीगल सिलेक्ट: हॉल-बेडरूमला मॅटच घ्या

न्यू जर्सीतल्या आमच्या टाउनहाऊसच्या आतल्या सगळ्या भिंती रंगवून घेतल्या, हॉल, जिना आणि बेडरूमला बेंजामिन मूर कंपनीचा रीगल सिलेक्ट रंग मॅटमधे (जवळपास बिनचकाकीचा), किचनला त्याचाच एगशेल (किंचित चकाकीचा). वर्ष होऊन गेलंय, घरात लहान मुलं आहेत, रोजचा स्वयंपाक आपला फोडणीचा, म्हणजे रंगाची परीक्षा पुरेशी झालीय. मॅटला पाचपैकी पाच, एगशेलला चार.

इथल्या भिंती आपल्या तिकडच्या वीट-प्लास्टरच्या भिंतींसारख्या नसतात हे आधी लक्षात घ्या. लाकडी फ्रेमवर जिप्समचे अर्ध्या इंचाचे बोर्ड, यालाच ड्रायवॉल म्हणतात, दोन बोर्डांच्या सांध्यावर टेप आणि टेपवर जॉइंट कंपाउंड, ज्याला कामगार मड म्हणतात. हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की लाकूड सुकून आकसतं आणि मग खिळ्यांची डोकी फुगवट्यासारखी वर येतात. त्यात बिल्डर लोक बहुतेक लेव्हल ४ फिनिश देऊन मोकळे होतात, म्हणजे मड फक्त सांध्यांवर आणि स्क्रूंवर. अख्ख्या भिंतीवर पातळ थर ओढला तर ते लेव्हल ५, पण त्याला मजुरी जास्त लागते म्हणून साध्या घरात सहसा कोणी करत नाही. अशा भिंतीवर चकाकी असलेला रंग मारला आणि संध्याकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं की कुठला बोर्ड कुठे संपतो ते पाहुण्यालाही दिसतं.

म्हणून मॅट. मॅट उजेड विखरून टाकतो, त्यामुळे बारीक उंचसखलपणा डोळ्याला जाणवतच नाही. आमच्या जिन्याजवळच्या भिंतीवर एक लांबलचक सांधा होता, आधीच्या जास्त चकाकीच्या सॅटिन रंगामधे सतत दिसायचा, आता शोधावा लागतो.

लोक मॅटला घाबरतात कारण बिल्डरने मारलेला स्वस्त फ्लॅट (अजिबात चकाकी नसलेला) रंग ओल्या फडक्याने पुसला की फडक्यावरच येतो, आमच्याकडे पण तेच होतं. रीगलच्या मॅटचं तसं होत नाही. क्रेयॉन, हातांचे डाग, शूजच्या काळ्या रेघा, सगळं भांड्याच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ स्पंजने निघालंय. फक्त रंगवल्यावर निदान दोन आठवडे धुवायला जाऊ नका, हाताला सुकलेला वाटतो पण आतून पक्का व्हायला वेळ लागतो. आणि जोर लावून एकाच जागी घासू नका, तिथे चकचकीत पट्टा पडतो, गडद रंगात तर फारच उठून दिसतो. गडदच हवा असेल तर त्यांचाच ऑरा मॅट बघा, अजून महाग आहे.

किचनला मात्र एगशेल. हळदीचा शिंतोडा लगेच पुसला तर जातो, वाळला तर पिवळसर छटा राहते, त्याला कुठलाच रंग पुरा पडेल असं मला वाटत नाही. देवघराच्या मागच्या भिंतीलाही एगशेलच दिलाय, समईची काजळी पुसता येते. एक गुण कापला तो टचअपसाठी, मॅटमधे छोटा डाग ब्रशने भरला तर मिसळून जातो, एगशेलमधे तो ठिपका वेगळा चमकतो आणि मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत परत मारावी लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे पैसे वाचवू नका. रंग कितीही भारी घेतला तरी तो खड्डा भरत नाही. टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा, जिथे सावली पडेल तिथे पेन्सिलने खूण करा, मग वर आलेल्या खिळ्याशेजारी नवीन स्क्रू मारा, मड भरा, सुकू द्या, सँडिंग करा, धूळ पुसा आणि त्या जागांना प्रायमर द्या. डब्यावर पेंट अँड प्रायमर असं छापलेलं असलं तरी कोऱ्या मडवर वेगळा प्रायमर लागतोच, कारण मड रंग वेगळ्या वेगाने पितो आणि मग तिथे ढगासारखे डाग दिसतात. भिंतभर नवीन ड्रायवॉल असेल तर पीव्हीए प्रायमर स्वस्तात मिळतो, तो मारा. रोलर तीन-अष्टमांश इंच केसांचा मायक्रोफायबर घ्या, जाड केसांचा घेतला तर संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा येतो.

किमतीचं म्हणाल तर महाग आहे, आणि सेलची वाट बघत बसू नका, फार क्वचित लागतो. शेर्विन विल्यम्स या दुसऱ्या रंग कंपनीवाले ३०-४० टक्क्यांचे सेल बऱ्याचदा लावतात, त्यांचा एमराल्ड मॅटपण चांगला आहे, बजेट कमी असेल तर सेलमधे तो उचला. बेंजामिन मूर होम डेपो किंवा लोज या मोठ्या दुकानांमधे मिळत नाही, एस हार्डवेअर किंवा गावातल्या स्वतंत्र पेंटच्या दुकानात जावं लागतं. एका गॅलनमधे साधारण ४०० चौरस फूट एक कोट होतो आणि कोट दोन लागतातच, त्या हिशोबाने सगळे डबे दुकानात एकाच वेळी टिंट करून (हवी ती छटा मिसळून) घ्या आणि मोठ्या बादलीत एकत्र करूनच वापरा, नाहीतर दोन डब्यांच्या छटेत किंचित फरक पडू शकतो. उरलेला रंग काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, वर खोलीचं नाव आणि रंगाचा नंबर लिहून ठेवा.