श्टुटगार्टचे मर्सिडीज-बेंझ संग्रहालय

२००६ साली उघडलेल्या या संग्रहालयात लिफ्टने थेट सर्वांत वरच्या मजल्यावर जायचे आणि गोलाकार उतारांवरून काळाच्या क्रमाने खाली यायचे, ही रचना मला अतिशय समर्पक वाटली. वर प्रथम एक पांढरा घोडा दिसतो आणि मोटारीपूर्वीच्या जगाची आठवण करून देतो. त्यानंतर कार्ल बेंझ यांची तीनचाकी गाडी येते, जिचे पेटंट त्यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी मागितले होते.

या गाडीपाशी सावकाश थांबावे. तिच्यावर लोकांचा विश्वास बसला तो मुख्यतः कार्ल यांच्या पत्नी बर्था बेंझ यांच्यामुळे, असे माझे मत आहे. कारण ऑगस्ट १८८८मध्ये दोन मुलांना सोबत घेऊन त्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला गाडीने गेल्या, वाटेत वीसलोख येथील औषधाच्या दुकानातून त्यांनी इंधन घेतले आणि इंधनाची तुंबलेली नळी टोपीच्या पिनेने मोकळी केली.

डाइमलर आणि बेंझ या प्रतिस्पर्धी कंपन्यांचे १९२६मधील विलीनीकरण पुढच्या दालनांतून उलगडते. शर्यतींच्या चंदेरी गाड्या देखण्या आहेत, तरी वेळ कमी असल्यास वरचे मजले मुळीच चुकवू नयेत.